चुकलेल्या रुमालांचं प्रदर्शन



मागच्या अंकातल्या अभ्यासपाठात आपण सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक पाहिला होता. त्यावर बऱ्याच गटांतून निरोप आला की पाठ डोक्यावरून गेला. चूक माझीच. कॉलेजच्या नोट्स लिहिल्यासारखा मी तो लिहिला होता. म्हणून तोच हिशोब या वेळी क्रोशाच्या सुईने करू या. सोबत एका अजब प्रदर्शनाची माहिती देते, कारण दिवाळीनंतर आपल्यालाही वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रदर्शन मांडायचं आहे आणि त्यावरून मागच्या मासिक बैठकीत बरीच वादावादी झाली.

ज्या ताई त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. वाचनालयाने खोली चार दिवस बिनभाड्याने द्यायचं कबूल केलं आहे. मी सुचवलं की कोकम, लोणची, कुळथाचं पीठ हे सगळं आपल्या नेहमीच्या स्टॉलवर असतंच, या खोलीत फक्त हातकाम भिंतीला लावू. गोधड्या, तोरणं, क्रोशाचे रुमाल, जे असेल ते. यावर सगळ्या गप्प. मग एक काकी म्हणाल्या, "आमच्या कामात बघूचा काय आसा?" आणि एका आजींनी पिशवीतून एक गोल रुमाल काढून माझ्यापुढे टाकला. "ह्यो घे, लाव भिंतीक!" देवाच्या ताटावर झाकायला म्हणून विणायला घेतलेला, पण बोलता बोलता मोजणी चुकली आणि प्रत्येक फेरीला खांब जास्त पडत गेले. रुमाल सपाट बसेचना, कडा नुसत्या वळवळत होत्या. सगळ्या हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले.

घरी गेल्यावर मात्र आठवलं, असाच रुमाल मी कॉलेजात असताना एका व्हिडिओत पाहिला होता. एक नाही, हजारो. आणि ते बघायला लोक रांगा लावून उभे होते.

मार्गारेट वेर्थाइम आणि ख्रिस्तीन वेर्थाइम या दोघी जुळ्या बहिणी. जन्म ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातला. मार्गारेट विज्ञानावर लेख आणि पुस्तकं लिहितात, ख्रिस्तीन कला महाविद्यालयात शिकवायच्या. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला लागून समुद्रात जगातली सगळ्यात मोठी प्रवाळाची रांग आहे, ग्रेट बॅरिअर रीफ. लांबी सुमारे २३०० किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या तिप्पट. दोघी अमेरिकेत लॉस एंजेलिसला राहत होत्या, आणि माहेरच्या समुद्रातलं प्रवाळ मरतंय या बातम्या त्यांच्या कानावर येत होत्या. आता घरात बसून दोघी बहिणी समुद्राचं काय करणार? २००५ मध्ये त्यांनी बैठकीच्या खोलीत लोकर आणि क्रोशाची सुई घेऊन प्रवाळ विणायला सुरुवात केली.

प्रवाळ म्हणजे काय, हे आपल्यातल्या किनाऱ्यावरच्या ताईंना सांगायला नको. मालवणला पर्यटक काच लावून पाण्यात तोंड घालतात ते तेच बघायला. पण आतल्या गावांसाठी थोडक्यात: अंगठीतलं लाल पोवळं त्याच कुळातलं, फक्त ते बहुतेक भूमध्य समुद्रातून येतं. समुद्रातलं प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी तो दगड नाही. टाचणीच्या डोक्याएवढे किंवा थोडे मोठे जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. पिढ्यान् पिढ्या घरावर घर चढत जातं. त्यांच्या अंगात अतिशय बारीक शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा घरमालकाला देतं. रंगही त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि बरेच दिवस तापलेलंच राहिलं की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. लवकर पाणी निवलं तर सावरतं, नाहीतर उपासमारीने मरतं. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८ आणि २००२ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. पुढे २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं झालं. प्रवाळ गेलं की त्याच्या आडोशाने वाढणारी मासळी जाते, हे तर मच्छी विकणाऱ्या ताई माझ्याहून चांगलं सांगतील.

आता प्रश्न असा की क्रोशानेच का? त्याचं उत्तर तिसऱ्याच एका बाईकडे आहे.

दाइना ताइमिन्या या मूळच्या लॅटव्हिया देशातल्या, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवायच्या. गणितात एक विचित्र आकार आहे. त्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, चेंडूसारखा गोलही नसतो, तो जितका वाढेल तितका झालरीसारखा उलटसुलट वळत जातो. १८२०-३० च्या सुमारास युरोपातल्या गणितज्ञांनी तो कागदावर मांडला. पण विद्यार्थ्याच्या हातात देऊन "हा बघ" म्हणावं असं टिकाऊ काही कुणाकडे नव्हतं. कागदाचे तुकडे चिकटवून नमुना बनवायचे, तो हाताळला की फाटायचा. दाइनाबाई लहानपणीच घरात सुईकाम शिकलेल्या. १९९७ मध्ये त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि प्रत्येक ओळीत ठरलेल्या प्रमाणात जादा टाके घालत गेल्या. नमुना तयार! चुरगळा, उलटा करा, खिशात घाला, काही होत नाही. विद्यापीठातल्या पुरुष प्राध्यापकांना इतकी वर्षं जे हातात धरता आलं नव्हतं ते बाईच्या विणकामात होतं. (पुढे यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याला सगळ्यात विचित्र नावाच्या पुस्तकाचं बक्षीस मिळालं, आणि काही वर्षांनी गणितज्ञांच्या संस्थेचंही मिळालं.)

आता सुई घ्या. वाचू नका नुसतं, करून बघा.

आपला नेहमीचा गोल रुमाल आठवा. मधल्या वर्तुळात १२ खांब. दुसऱ्या फेरीला २४, तिसरीला ३६, चौथीला ४८. दर फेरीला बाराच वाढतात. म्हणून रुमाल सपाट बसतो. वाढवायचं बंद केलं तर कडा वर उचलतात आणि टोपी होते, बाळाची कुंची आपण अशीच करतो. दर फेरीला ठरलेली तेवढीच भर, हे झालं सरळ व्याज. मुद्दल हजार रुपये, दर महिना दहा टक्के, म्हणजे दर महिन्याला शंभरच. वर्षाने देणं २२०० रुपये.

आता दुसरा तुकडा. २० साखळ्या घाला आणि त्यावर २० खांबांची एक ओळ करा. पुढच्या ओळीपासून नियम असा: एका घरात एक खांब, त्याच्या पुढच्या घरात दोन. असंच शेवटपर्यंत. म्हणजे दर दोन खांबांमागे एक जादा. विण जरा घट्ट ठेवा आणि प्रत्येक ओळीनंतर खांब मोजून वहीत लिहा. २० चे ३० होतील, ३० चे ४५, मग ६७, १००, १५०. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. नियम बदललेला नाही, तरी पहिल्या वाढीला दहा खांब वाढले आणि पाचव्या वाढीला पन्नास. का? कारण जे जादा खांब मागच्या ओळीत आले, त्यांनाही आता जादा खांब फुटतायत. व्याजाला व्याज. असंच दहा वेळा केलंत तर एकाच ओळीत अकराशेच्या वर खांब होतात. एवढ्यांना पसरायला जागाच नाही, म्हणून ते वर-खाली वळतात आणि झालर पडते. आजींच्या रुमालाचं नेमकं हेच झालं होतं.

दोन खांबांमागे एक जादा म्हणजे पन्नास टक्के दर झाला. इतका दर सावकारही लावत नाही. त्याचा दर बघायचा तर दर दहा खांबांमागे एकच जादा घाला. पहिल्या चार-पाच ओळी तुम्हाला काही वेगळं वाटणारसुद्धा नाही. तुकडा सरळच दिसतो. सावकाराचंही तसंच असतं. हजार रुपयांचे, महिना दहा टक्के चक्रवाढीने, वर्षाने ३१३८ होतात. सरळ व्याजाच्या २२०० शी ताडून बघा. आणि आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज महिना दोन टक्क्याने धरलं तर वर्षाने १२४०, तेही हप्ता एकही न भरता. ज्या ताई म्हणाल्या होत्या की "टक्के दिसत नाहीत", त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघावेत.

एवढा हिशोब पुरे. पुन्हा त्या बहिणींकडे जाऊ.

दाइनाबाईंचं विणकाम बघून वेर्थाइम बहिणींच्या लक्षात आलं की समुद्रातली कितीतरी प्रवाळं अशीच झालरीदार असतात. आपल्या परसातलं कोंबड्याच्या तुऱ्याचं फूल बघा, त्याच्या कडाही तशाच. थोड्या जागेत जास्त अंग पसरता येतं, म्हणजे पाण्यातून वाहत येणारं खाणंही जास्त मिळतं. पण नियम काटेकोर पाळून विणलेले तुकडे फारच नीटनेटके दिसायला लागले, साच्यातून काढल्यासारखे. मग त्यांनी नियम मोडायला सुरुवात केली. कधी तीन खांबांमागे जादा, कधी पाचांमागे, मध्येच दोरा बदलायचा, मध्येच केसाळ लोकर घ्यायची. तेव्हा कुठे ते तुकडे जिवंत दिसू लागले. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? "झालर इली गो, चुकला, उसव." तिथे ती झालरच भिंतीवर लागली.

हळूहळू ओळखीच्या बायका तुकडे पाठवू लागल्या, मग अनोळखी. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग आणि शिकागो शहरांत प्रदर्शन लागलं. २००८ मध्ये लंडनला गेलं. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या सरकारी संग्रहालयात, जिथे एरवी डायनासोरची हाडं ठेवलेली असतात. २०१९ मध्ये इटलीतल्या व्हेनिसला, जी चित्रकार-शिल्पकारांची पंढरीच समजा. आणि २०२२ मध्ये जर्मनीत बाडेन-बाडेन या गावी जे मांडलं त्यात सुमारे चार हजार जणांनी विणलेले चाळीस हजारांच्या आसपास तुकडे होते. विणणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका.

मला मात्र या मोठ्या नावांपेक्षा फ्योर बेटाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. जर्मनीच्या उत्तरेला समुद्रात हे छोटं बेट आहे, सगळी मिळून आठ-नऊ हजार वस्ती. त्यावरच्या आल्कर्सुम नावाच्या खेड्यात एक कलासंग्रहालय आहे. २०१२ मध्ये तिथे स्थानिक प्रवाळ विणायचं ठरलं आणि शेकडो बायकांनी तुकडे केले. कारण या प्रकल्पाची पद्धतच अशी आहे: बहिणी प्रत्येक ठिकाणी आपलंच काम नेऊन टांगत नाहीत, ज्या गावाला हवं त्या गावाने आपलं प्रवाळ विणायचं. पद्धत त्या शिकवतात, एकत्र मांडायला मदत करतात. अशी पन्नासच्या आसपास ठिकाणी झाली.

आणखी एक. त्यांच्याकडे प्लास्टिकचंही प्रवाळ आहे. पिशव्या कापून त्याचा दोरा केलेला, जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली फीत वापरलेली. दोघी बहिणींनी काही वर्षं घरातला प्लास्टिकचा कचरा बाहेर टाकलाच नाही, साठवून ठेवला आणि तोही प्रदर्शनात मांडला. आपल्या किनारा स्वच्छतेच्या दिवशी जे गोळा होतं त्यातून आपणही करून बघू शकतो. पण दोरा करण्याआधी पिशव्या धुवून उन्हात वाळवा. मी न धुता केलं, दोन दिवस हाताचा वास गेला नाही.

आता वादाचा मुद्दा. हे सगळं मी गेल्या आठवड्यात एका ग्रामसंघात मोबाईलवर फोटो दाखवून सांगितलं. सगळ्या खूश. मग आपल्या एक कोषाध्यक्ष ताई शांतपणे म्हणाल्या, "पैसे किती गावले तेंका?"

खरं उत्तर असं की, नाही मिळाले. तुकडे विकायला नव्हतेच. बायकांनी आवड म्हणून, समुद्राबद्दल वाटलं म्हणून, फावल्या वेळात विणून दिले. ताई म्हणाल्या, "मग ता तेंका परवाडता. आमका नाय." मी त्यावर गप्प बसले. काजूच्या हंगामात बोंडं गोळा करायला जाणाऱ्या, कारखान्यात सोलायला बसणाऱ्या बाईला 'फावला वेळ' असतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. तरीही मला वाटतं की त्या प्रदर्शनातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती पैशांशीच जोडलेली आहे. ती म्हणजे नाव. तिथे प्रवाळासोबत विणणाऱ्या प्रत्येकीचं नाव दिलं जातं. चार हजार असल्या तरी.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात आपल्या गटांच्या गोधड्या गेल्या होत्या, आठवतंय? मी सोबत गेले होते. त्यांना लावलेल्या कागदावर 'ग्रामीण महिलांची कलाकुसर' एवढंच लिहिलेलं होतं. किंमत ठळक अक्षरात. एका बाईंनी मला विचारलं, "ही कोणी केली?" मला सांगता आलं नाही, कारण गोधड्या एकत्र बांधताना मीच चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. त्या बाईंना त्याच हाताची अजून एक हवी होती. ती ऑर्डर गेली. कुणाची गेली तेही मला माहीत नाही, हे जास्त लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. स्वेटर यंत्रावर विणता येतो, जाळी यंत्रावर निघते, पण खरं क्रोशाकाम अजूनही हातानेच होतं. दुकानात क्रोशाचं तोरण शंभर-दीडशे रुपयांना टांगलेलं दिसलं तर समजा की कुणा बाईचे तीन दिवस त्यात अडकलेत आणि तिला त्याचे चहापुरतेही सुटलेले नाहीत. आपणही भाव ठरवताना काय करतो? "लोकरीचे साठ गेले, वर चाळीस लाव, शंभर झाले." तास कुणी मोजलेत? मी कोषाध्यक्ष ताईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, मोजले तर विकणारच नाही कुणी. हाही मुद्दा खरा आहे आणि तो त्या बैठकीत सुटलेला नाही. इतिवृत्तात तसा लिहिलाय.

जे ठरलं ते असं. खोलीत विक्रीचं टेबल एका बाजूला आणि मांडायच्या वस्तू दुसऱ्या बाजूला, सरमिसळ नाही. मांडण्यासाठी ज्या ताई नवीन काही विणतील त्यांच्या लोकरीचा खर्च संघ करेल. मजुरी बुडवून कुणी काही करायचं नाही, घरात जे आहे तेच आणलं तरी चालेल. चुकलेलं, अर्धवट राहिलेलं, सुनेने नावं ठेवलेलं, सासूने उसवायला लावलेलं, सगळं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: बाईचं नाव, गाव, गट, साधारण किती तास लागले आणि सामानाचा खर्च. ज्यांना नाव लावायचं नसेल त्यांनी तसं सांगावं, जबरदस्ती नाही. आणि मधल्या मोठ्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून झालरींचं एक प्रवाळ करायचं, त्यासाठी प्रत्येक गटातून किमान एक तुकडा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना क्रोशाची सुई, उरलीसुरली लोकर आणि वरच्या हिशोबाचे दोन तुकडे आणा, एक सपाट आणि एक झालरीचा. ज्यांना विणता येत नाही त्यांनी खांब मोजायचं काम घ्यावं. गटात आधी एकदा बोलून घ्या: तुमच्या गटात हातकाम कोण कोण करतं, आणि त्यातल्या कितीजणींनी आजवर आपल्या वस्तूचे तास मोजलेत. सीआरपी ताईंनी ती यादी वहीत उतरवून आणावी.

आजींचा रुमाल माझ्याकडेच आहे. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं परत मागतायत, उसवून सरळ करायला. पण त्या म्हणाल्या, "चिठ्येर तास किती लिवलंस?"

म्हटलं, आजी, तुम्हीच सांगा.

"तीन दिस धर. आणि मदी दोनदा उसवलंय, ता पण धर."